मीठ कोण चाखणार?

कोल्हार-घोटी रस्त्याने अकोल्याहून राजूरकडे निघालं की डोंगर जवळ येत जातात आणि रस्त्याकडेच्या पाट्याही बदलत जातात. अकोल्यात 'मटण-भाकरी', 'मिसळ', 'शुद्ध शाकाहारी' असं ओळखीचं मराठी. राजूरला पेढ्यांची दुकानं. शेंडीच्या बाजूला भंडारदऱ्याचं पाणी दिसू लागलं की 'कॅम्पिंग', 'टेंट', 'कॅम्प फायर' आणि त्यांच्या शेजारी 'बार्बेक्यू'. मुंबई, पुणे, नाशिकचे पर्यटक शनिवारी संध्याकाळी येतात, तंबू घेतात. चहा-भजी होते, अंधार पडता पडता जाळीवर चिकनचे नाहीतर पनीरचे तुकडे भाजून मिळतात, मग जेवण आणि मग शेकोटी. तालुक्यात हा शब्द असा पाहुण्यांच्या गाडीतून आला. आता तो तरुण पोरांच्या तोंडी रुळला आहे. "रविवारी बार्बेक्यूला जाऊ" असा निरोप मोबाइलवर फिरतो, आणि त्या टोळीत एखादा रोजेदार असेल, एखादा माळकरी असेल, तर निरोपाला लगेच हो येत नाही. आधी बरीच चर्चा होते.

शब्द नवा असला तरी वस्तू जुनीच आहे. बार्बेक्यू हा मुळात कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा शब्द. लाकडाच्या काटक्यांचा माचा करून त्याच्याखाली विस्तव ठेवायचा, त्याला ते 'बार्बाकोआ' म्हणत. स्पॅनिश खलाशांनी तो उचलला आणि जगभर नेला. आपल्याकडे अमरकोशात शिगेवर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' आणि 'भटित्र' असे शब्द आहेत. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यातही शिगेत ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा प्रकार आहे. पुढे दख्खनमध्ये फारसी आली, सुलतानांचे मुदपाकखाने आले, आणि 'सीख' म्हणजे शीग व 'कबाब' हे शब्द घरोघरी झाले. कबाब परका आणि भाकरी आपली, अशी वाटणी करायला बसलं तर हाती फारसं काही लागत नाही.

आणि मांसच कशाला? नगर जिल्ह्यातल्या माणसाला विस्तवाभोवती मित्रांनी बसायचं म्हणजे काय, हे कुणी शिकवायला नको. पौष-माघात ज्वारी हिरवी असताना शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटते, कणसं भाजतात, गरम गरम हातावर चोळून हुरडा पुढ्यात येतो, सोबत गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. अकोल्याच्या पश्चिमेला आदिवासी वाड्यांवर ओढ्याचे खेकडे आणि मासे निखाऱ्यावरच भाजले जातात. यातल्या कशालाही कुणी बार्बेक्यू म्हटलं नाही, एवढंच.

तरीही या हॉटेलात एक गोष्ट खरोखर नवी आहे, ती म्हणजे टेबल. टेबलाच्या मधोमध खाच करून त्यात पेटलेली सिगडी बसवायची आणि गिऱ्हाइकांनी आपापल्या शिगा स्वतः फिरवायच्या, ही पद्धत 'बार्बेक्यू नेशन'ने २००६ साली मुंबईत पहिलं हॉटेल उघडून लोकप्रिय केली. आता तिच्या लहान-मोठ्या नकला जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या आहेत. काही ठिकाणी टेबलात खाच नसते. लोखंडी सिगडी तशीच विटेवर आणून ठेवतात. चव त्यामुळे कमी होत नाही.

थाळीत प्रत्येकाचं ताट वेगळं असतं. माळकऱ्याच्या ताटात पिठलं आणि त्याच्या शेजाऱ्याच्या ताटात रस्सा, असं जेवण महाराष्ट्रातल्या मित्रांना नेहमीचं आहे. कुणी कुणाच्या वाटीत डोकावत नाही. सिगडी मधे आली की ही सोय संपते. सगळ्यांचं खाणं एकाच विस्तवावर, शेजारी-शेजारी, एकाच ब्रशने तेल लावलेलं. कुणाचं काय आहे, कुठून आलं, कशाला लागलं, हे प्रश्न आता ताटाबाहेर येतात, आणि ते विचारावे लागतात.

पहिला प्रश्न दिवसाचा. आपल्याकडे मांसाहाराचे वार ठरलेले: बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा किंवा गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शिर्डी याच जिल्ह्यात असल्यामुळे साईबाबांचाही, शनिवार मारुतीचा. मधे एकादशी आली, संकष्टी आली की उरलेल्या तिनातलाही एखादा जातो. रोजेदाराचा हिशेब आणखी वेगळा. शुक्रवार त्याचा जुम्याचा. रोज रात्री इशानंतर तरावीहची नमाज, ती तासभर तरी चालते. शेवटच्या दहा रोजांत तर एकविसावी, तेविसावी अशा विषम रात्री जागून इबादत करायची, कारण शब-ए-कद्र त्यांतलीच एखादी मानतात. त्या दहा दिवसांत हॉटेलाचं नाव काढलं तर घरातली वडीलधारी माणसं नुसती बघतात.

अशी दोन्हीकडची वजाबाकी केली की अख्ख्या महिन्यात दोन-तीन संध्याकाळी हाती राहतात. बहुतेक वेळा बुधवार जिंकतो. ज्यांना वाटतं की दोन धर्मांच्या मित्रांमधलं अवघड काम म्हणजे मोठमोठे वाद मिटवणं, त्यांनी एकदा असा बुधवार ठरवून पाहावा.

गेल्या काही वर्षांत पंचांगानेही मजा केली आहे. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता आणि रमजान ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला. श्रीखंड आणि शीरखुर्मा एकाच फ्रिजमध्ये. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. हिंदू पंचांगात अधिक महिना येऊन सण पुन्हा जागेवर येतात. म्हणून ही जोडी कायमची नाही, अधिक महिना आला की सुटते. तोवर फाल्गुनातला उपास आणि रमजानचा रोजा एकाच दिवशी, एकाच ऑफिसात, शेजारी-शेजारच्या टेबलांवर, असं अनेकदा घडतं. एकादशीवाल्याला खजूर चालतो. रोजेदाराचा रोजा खजुरानेच सुटतो. फळ एकच असलं तरी दोघांच्या उपासात एक मोठा फरक राहतो, आणि तो दरवर्षी त्याच एका प्रश्नातून बाहेर येतो: "पाणीसुद्धा नाही?" नाही. सहेरी संपल्यापासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. हा प्रश्न ऐकून रोजेदार कंटाळत नाहीत, असं नाही. पण तो काळजीतून येतो हे त्यांनाही ठाऊक असतं.

वेळेचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. फेब्रुवारीअखेर ते मार्च या दिवसांत अकोल्यात सूर्य साधारण साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. मगरिबची अजान झाली की रोजा सुटतो: खजूर, पाणी, एखादं फळ. मग दहा-पंधरा मिनिटं नमाज. खरं जेवण त्यानंतर. दिवसभराच्या रिकाम्या पोटावर पहिलाच घास मसालेदार कबाबाचा घेतला तर पोट तक्रार करणारच, म्हणून जाणते लोक आधी फळं आणि सरबत घेऊन थोडं थांबतात. ज्यांना तरावीह चुकवायची नाही, ते सव्वासात ते आठ या वेळेत जेवतात, नाहीतर नमाज आटोपून रात्री दहाला बाहेर पडतात. तालुक्याच्या गावात दहाला बरीच शटरं खाली आलेली असतात. मग गाडी संगमनेरच्या रस्त्याला लागते.

रोजा नसलेल्या मित्रांनी अजानपर्यंत थांबायला हवं का? धर्म त्यांना तसं सांगत नाही. रोजा ज्याचा त्याचा. तरी बहुतेक जण थांबतात. समोर जाळीवर चरबी तडतडत असते, धूर नाकात जात असतो, मोबाइलवर मिनिटं मोजली जात असतात, आणि सकाळी पोहे, दुपारी डबा आणि चारला चहा-खारी खाल्लेला गडी "अरे, भूक मरते बाबा" म्हणत असतो. रोजेदार हसत असतो. ही थट्टा ज्या टोळीत चालते, तिची फारशी चिंता करायचं कारण नाही.

आता आत, भटारखान्यात. सीख कबाब हा दिसायला सोपा आणि करायला अवघड पदार्थ. खिमा दोनदा काढलेला हवा. साधारण चार भाग मांसाला एक भाग चरबी हवी. चरबी कमी पडली तर कबाब चामड्यासारखा होतो. कांदा किसून पिळून त्याचं पाणी काढून टाकायचं, नाहीतर खिमा शिगेवरून सुटून निखाऱ्यात पडतो. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला, बांधणीला भाजलेल्या डाळ्यांचं पीठ. आणि कच्च्या पपईचा लगदा. पपईच्या चिकात पपेन नावाचं द्रव्य असतं, ते मांसाचे धागे सैल करतं. पण त्याला वेळेची शिस्त लागते. खिम्याला ते जास्त वेळ लागून राहिलं तर कबाबाऐवजी लापशी होते. मग खिमा कणकेसारखा मळायचा, हाताला चिकटू लागेपर्यंत, आणि गार ठिकाणी ठेवायचा. शीग गोल असली तर कबाब तिच्यावर गरगर फिरतो, म्हणून चपटी किंवा चौकोनी. ओला हात करून खिमा शिगेवर चढवायचा आणि बोटांनी दाबत न्यायचा. कबाबावर जे वळसे दिसतात ते त्या बोटांचे.

निखारा हे वेगळंच शास्त्र. ज्वाळेवर भाजलं की बाहेरून काळं आणि आतून कच्चं. कोळसा पेटवून, ज्वाळा बसून, वर पांढरी राख धरेपर्यंत थांबावं लागतं. तिथे घाई करणारं हॉटेल लगेच ओळखू येतं. चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो त्यानेच कबाबाला त्याचा वास येतो. पण तीच चरबी पेटून ज्वाळा आली तर तो काजळलेला भाग काढून टाकलेला बरा. त्यात तब्येतीला काही चांगलं नसतं. कोंबडीचं मांस हाडाजवळ गुलाबी दिसत असेल तर शीग सरळ परत पाठवावी. यात लाजायचं काही नाही.

या सगळ्यात रमजानमध्ये एक अडचण येते. मीठ कोण चाखणार? मसाला दुपारी कालवला जातो आणि कालवणारा कारागीर रोजात असतो. कच्चा खिमा तसाही चाखता येत नाही. लिंबाएवढा गोळा तव्यावर परतून त्याची चव बघतात. स्वयंपाक करणाऱ्याला गरज पडली तर जिभेच्या टोकावर चव घेऊन लगेच थुंकून टाकण्याची मुभा धर्मशास्त्रात आहे. तरी पुष्कळ जण ती घेत नाहीत. जन्मभर केलेलं काम, हाताला माप बसलेलं असतं. वासावरून मीठ-मसाला कळतो, असं सांगणारे कारागीर भेटतात आणि त्यांचं खरंही निघतं. पण जिथे कारागिराच्या हाताखाली रोजा नसलेला पोरगा असतो, तिथे तो गोळा त्याच्या पुढ्यात जातो. "बघ रे, मीठ बरोबर आहे का?" मुसलमानांच्या घरांतही हे घडतं. इफ्तारीची तयारी चालू असताना शेजारच्या काकू येतात, आणि त्यांच्या हातावर वाटीतलं थोडंसं ठेवलं जातं. रमजानमधल्या कितीतरी पदार्थांचं मीठ असं परधर्माच्या जिभेने ठरवलेलं असतं. याची नोंद कुठेच नसते.

मग मटणाचा प्रश्न. मुसलमान मित्राला हलाल हवं असतं: जनावर जिवंत आणि निरोगी असावं, अल्लाहचं नाव घेऊन धारदार सुरीने कापलेलं असावं आणि रक्त वाहून गेलेलं असावं. हिंदू मित्राचा प्रश्न बहुधा वेगळा असतो, आणि तो संकोचाने मनातच ठेवला जातो: हे नेमकं कशाचं आहे? मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या गल्लीत रमजानच्या रात्री गेलेल्यांना 'छोटे का' आणि 'बडे का' हे शब्द ठाऊक असतात. छोटे का म्हणजे बकऱ्याचं. बडे का म्हणजे म्हशीचं. गोहत्येला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूंनाही ती लागू झाली. म्हैस त्या बंदीत नाही. ज्याला बडे का चालत नाही त्याने आधी विचारावं, आणि हॉटेलवाल्याने चिडू नये. एका प्रश्नाने काम होतं. न विचारता अर्धी शीग खाल्ल्यावर जी शंका येते, ती मात्र सगळी संध्याकाळ खाते.

जुन्या गावाने या प्रश्नाला एक माणूसच नेमून दिला होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचं. त्यात गावच्या कारू-नारूंमध्ये मुलाणा येतो. मशिदीची दिवाबत्ती करायची आणि गावात बकरं कापायचं असलं की कलमा पढून सुरी फिरवायची, हे त्याचं काम. त्याबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळे, जसं सुताराला आणि लोहाराला मिळे. गावजत्रेचं बकरं असो की नवसाचं, पुष्कळ गावांत सुरी मुलाण्याचीच असे. त्या मटणाच्या रश्श्याला सगळा गाव बसत असे. आज मुलाणी हे आडनाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्या आडनावामागचं काम किती जणांना आठवतं, कोण जाणे. ती व्यवस्था काही समतेची नव्हती, कुणी कुठल्या पंगतीला बसायचं हे तीच ठरवत होती. तिची आरती ओवाळायचं कारण नाही. मात्र मटण कुणी कापलं हा प्रश्न तिथे भांडणाचा नव्हता. तो कामाचा होता.

आता तो भांडणाचा करता येतो. मार्च २०२५ मध्ये, ऐन रमजानमध्ये, राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' नावाचं प्रमाणपत्र जाहीर केलं. त्या नावावरून खुद्द जेजुरीतही मतभेद झाले. हिंदू खाटीक समाज महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या आहे, त्याची दुकानंही आहेत, आणि कुणाकडून मटण घ्यायचं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पण चार मित्र सिगडीभोवती बसतात तेव्हा त्या घोषणेचं काय होतं? बहुतेक ठिकाणी काही होत नाही. "हलाल आहे ना?" एक विचारतो. "छोट्याचंच ना?" दुसरा विचारतो. वेटर दोन्हीला मान हलवतो. काही टोळ्यांत मात्र हे प्रश्न विचारणंच बंद झालं आहे, कारण विचारलं तर विषय भलतीकडे जाईल अशी भीती वाटते. मग "यंदा जमत नाही रे" असा निरोप येतो. नुकसान खरं तिथे होतं, आणि त्याचा गाजावाजा होत नाही.

राहिला माळकरी. अकोले तालुका वारकऱ्यांचा. गळ्यात तुळशीची माळ असलेला मित्र प्रत्येक टोळीत असतोच, आणि तो टोळी सोडत नाही. बार्बेक्यूच्या हॉटेलात त्याच्यासाठी पनीर, मशरूम, बटाटा, मक्याचं कणीस, अननस असं बरंच काही असतं. अननस तर भाजल्यावर असा लागतो की मांसाहारीही तोच मागू लागतात. अडचण पदार्थाची नसते, जाळीची असते. चिकनवरून फिरलेला ब्रश पनीरवर आला, शेजारच्या शिगेची चरबी कणसावर उडाली, तर त्याच्यापुढचं ताट शाकाहारी राहत नाही. यावर उपाय आहेत. टेबल घेतानाच वेगळी सिगडी मागायची. चांगलं हॉटेल देतं. दुसरी सिगडी नसेल तर पहिली फेरी शाकाहारी, धुतलेल्या शिगांवर, वेगळ्या ब्रशने, आणि मांस त्यानंतर. भूक लागलेल्या सगळ्यांनाच पहिल्या फेरीत पनीर खावं लागतं, एवढाच तोटा. हे त्याने स्वतः सांगावं अशी वाट न बघता दुसऱ्या कुणी वेटरला सांगितलं, तर त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

भंडारदऱ्याच्या तंबूंकडे पुन्हा जायला हवं, कारण तिथली एक गोष्ट चवीपेक्षा महत्त्वाची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या रात्री चांगल्याच गार असतात. सूर्य डोंगराआड गेला की पाण्यावरून वारा येतो. अशा जागी रोजा सोडणं सुंदर आहे. सतरंजी अंथरून खजूर, कलिंगडाच्या फोडी, मागे जाळीवर भाजणारं चिकन, आणि काठावर नमाजाला उभे राहिलेले दोघे-तिघे. पण जेवण झाल्यावर थंडी वाजते म्हणून विझत आलेली सिगडी तंबूत नेण्याचा मोह होतो. तो टाळायचाच. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद तंबूत झोपलेल्या माणसाला तो जागंही होऊ देत नाही. निखारे राखेखाली लाल असतील तरी तो निघतच असतो. पाणी ओतून कोळसा पूर्ण विझवायचा आणि सिगडी बाहेर ठेवायची. अंगावर एक घोंगडी जास्त घ्यावी. दुसरी गोष्ट मसाला लावलेल्या मांसाची. शहरातून डब्यात भरून आणलेलं चिकन गाडीच्या डिकीत तीन-चार तास तापलं तर त्याला निखाराही वाचवू शकत नाही. बर्फाचा डबा हवा.

पुण्यात मोमीनपुऱ्यात किंवा कोंढव्याच्या कौसरबागेत, मुंबईत भेंडी बाजारात, रमजानच्या रात्री जी गर्दी लोटते तिच्यात रोजा न धरणारे निम्मे तरी असावेत असं वाटतं. कुलाब्यात ताजच्या मागे 'बडे मियाँ'ची सिगडी १९४६ पासून पेटते आहे. तिथे रात्री गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून कबाब खाणाऱ्यांना कुणी धर्म विचारलेला नाही. मोठ्या शहरात ते सोपं असतं, कारण तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. अकोल्यासारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण कुणाबरोबर बसला होता हे सकाळी चहाच्या टपरीवर कळतं. म्हणून इथलं एक टेबल तिथल्या अख्ख्या गल्लीपेक्षा जास्त वजनाचं आहे.

या सगळ्या गडबडीत सिगडीमागच्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मगरिबच्या तासभर आधी तो कोळसा पेटवतो. रोजात आहे, सकाळपासून पाणी नाही, आणि समोर निखारा. पंख्याने वारा घालताना घाम पुसायचा, पण पाण्याचा ग्लास दूर ठेवायचा. अजान होते तेव्हा सगळ्या टेबलांवरून एकदम हाका येतात, "चाचा, दो सीख," "मामू, इधर टंगडी," आणि त्याचा रोजा उभ्या उभ्या सुटतो, एका हातात खजूर, दुसऱ्या हाताने शीग फिरवत. रोजा नसलेल्या गिऱ्हाइकांनी ऑर्डर अजानच्या ठोक्याला न देता दहा मिनिटांनी दिली, तर त्याला खजुरानंतर पाण्याचे चार घोट बसून पिता येतात. टोळीतला रोजेदार नमाजाला गेलेला असतोच. उरलेल्यांना तेवढं थांबणं जड नाही.

जेवण संपतं आणि शेवटचा, सगळ्यांत जुना वाद सुरू होतो. बिल कोण देणार? रोजेदाराचा रोजा सोडवणाऱ्याला रोजेदाराइतकाच सवाब मिळतो, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. हे एकदा टोळीला कळलं की पंचाईत होते. हिंदू मित्र पाकीट काढून म्हणतो, "आज पुण्य माझं." रोजेदाराचं म्हणणं असं, की रमजानमध्ये पाहुण्यांनी पैसे दिले हे घरी कळलं तर अम्मी जेवायला वाढणार नाही. माळकरी म्हणतो, मी फक्त अननस खाल्लाय, मला का ओढता. गल्ल्यावरचा मालक दोन हातांत दोन नोटा धरून उभा असतो आणि कुठली परत करायची हे त्याला कळत नाही. मग तोडगा निघतो: कबाबाचं बिल एकाने द्यायचं आणि फालुद्याचं दुसऱ्याने. माळकऱ्याने पेट्रोल भरायचं. गाडी सुरू होता होता मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, पुढच्या बुधवारी संकष्टी तर नाही ना?